त्यांचे पाच किलो आणि माझे पाचशे ग्रॅम

सोमवार, ६ जानेवारी

वजन : हे ८८.२, मी ७९.६.

सकाळी सव्वासहाला अंगणवाडीचं दार आतून लावून घेतलं. काटा गरोदर बायांसाठीचा. आज त्यावर आधी हे चढले, मग मी.

शनिवारी दवाखान्यात यांचं बीपी १६०/१०० निघालं. डॉक्टर म्हणाले, दहा किलो उतरवा, मार्चमध्ये पुन्हा मेडिकल. जमलं नाही तर खालची ड्यूटी बंद, वर कुठंतरी बसवतील. चोवीस वर्षं झाली यांना खाणीत खाली पंप चालवताना. वर बसायचं म्हटलं की चेहराच उतरतो.

घरी येऊन म्हणाले, "माया, एकट्याले नाई जमत. तू बी कर माह्यासंग."

मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर यांच्यासाठी नाही. मागच्या आठवड्यात अंगणवाडीत पोरांना आहार वाटत होती, तेव्हा रेखा, ती अन्वीची आई, दुसरीच्या कानात बोलली. मला ऐकू आलं. "पोराईचा खाऊ बाईच खाते वाटते." दोघी हसल्या. मी पण हसली. दुसरं काय करणार.

यांना हे सांगितलं नाही.


गुरुवार, ९ जानेवारी

संध्याकाळचा भात बंद. चहात साखर बंद. सकाळी साडेपाचला कॉलनीच्या गेटपासून नाल्याच्या पुलापर्यंत जाऊन-येऊन फिरणं. रात्री एकेक ज्वारीची भाकर आणि भाजी.

डोकं ठणकते. जन्म भातावर गेला, आता भाकरीकडे बघून पोट म्हणते, हे कोण?

हे मस्त आहेत. पुलापर्यंत शिट्टी वाजवत जातात. मी मागून, गुडघा धरत. "चाल ना वो, पाय उचल!" म्हणतात. उचलूनच राहिली आहे.


सोमवार, १३ जानेवारी

हे ८५.९. मी ७९.४.

एका आठवड्यात यांचे दोन किलो तीनशे. माझे दोनशे ग्रॅम. दोनशे तर बांगड्या काढल्या तरी उतरतील.

काट्यावरून खाली उतरून हे नाचल्यासारखं करत होते, पोरांच्या चटईवर. मी म्हटलं, चांगलं झालं. मग म्हटलं, आटपा, पोरं येतील.


बुधवार, १५ जानेवारी

शेजारच्या उकेबाई, यांच्यासंग पंपावर असणाऱ्या उकेंची बायको, कुंपणावरून, "रामटेके भाऊ तं हीरो दिसून राहिले जी! काय खाऊ घालून राहिल्या?"

मी बाजूला उभी होती. तीच भाकर खाऊन, तोच पूल चालून. माझ्याकडे पाहिलंही नाही.


सोमवार, २० जानेवारी

हे ८४.६. मी ७९.६.

म्हणजे जिथून निघाली तिथंच. काटा दोनदा बंद-चालू केला. चप्पल काढली. पिना काढल्या. ७९.६.

आणि यांनी शुक्रवारी कॅन्टीनमध्ये आलूबोंडे खाल्ले! स्वतःच सांगतात हसत हसत. "दोनच खाल्ले, बाप्पा." मी चौदा दिवसांत गोड तोंडात घातलं नाही. मकरसंक्रांतीचा तिळगूळ उकेबाईंनी हातावर ठेवला, तो पदराच्या टोकाला बांधून आणला नि यांनाच दिला. यांनी खाल्ला. नि यांचंच उतरलं.

श्वेताला फोन केला. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे नागपूरला, सगळं माहीत असते तिला. "आई, पुरुषांचं सुरुवातीला लवकर उतरते. स्नायू जास्त असतात. तुझं वय पण आता चव्वेचाळीस, पाळी पण मागं-पुढं होते म्हणतेस. दीड-दोन महिने धीर धर."

म्हणजे तिथंही पुरुषांची रांग वेगळी.


बुधवार, २२ जानेवारी

पोरांच्या वजनाचा दिवस. अन्वी पुन्हा ९.१. अडीच वर्षांची पोरगी, तीन महिन्यांपासून काटा हलत नाही. तक्त्यात पिवळ्या पट्ट्यात ठिपका, म्हणजे वजन कमी. रेखाला म्हटलं, घरी नीट खाऊ घालत नसशील. सगळ्या बायांसमोर.

"घालतो जी बाई. चार टाईम चारतो. वरण-भात, अंडं, सगळंच. नाई लागत तिच्या अंगाले, त मी का करू?"

"घातलं असतं तर दिसलं असतं ना काट्यावर," मी म्हटलं.

हे वाक्य मी किती बायांना म्हटलं असेल. आज म्हणताना बरं वाटलं, कारण रेखा होती. दुपारी घरी येताना मात्र तेच वाक्य माझ्यामागं चालत आलं. मी पण तर खात नाही. कोणाला दिसते?


सोमवार, २७ जानेवारी

हे ८३.१. मी ७९.१.

तीन आठवडे. त्यांचे पाच किलो नि शंभर. माझे पाचशे ग्रॅम.

काल झेंडावंदनाला जाताना यांची पँट कमरेत थांबेना. बेल्टला नवीन भोक पाडलं. मग माझ्यासमोर तीन पँटा आणून टाकल्या. "टीप मारून देजो जरा. दोन दोन बोटं आत घे."

मशीनवर बसली. दोन बोटं मोजली, खडूनं रेघ मारली. आतून असं जळलं की सुई बोटात घुसली तरी कळलं नाही लवकर. नवरा आहे माझा. त्याचं बीपी आहे. तो बारीक झाला तर माझंच भलं आहे. हे सगळं कळते मला. तरी.

तिसरी पँट मुद्दाम तशीच ठेवली. म्हटलं दोरा सरला.


शनिवार, १ फेब्रुवारी

आज जे केलं ते इथंच लिहून ठेवते.

यांचा डबा भरत होती. फळीवर भावानं साकोलीहून पाठवलेल्या गाईच्या तुपाची बरणी. दोन महिने झाले, कोणी हात लावला नव्हता. दोन पोळ्यांना आतून तूप लावलं, घडी घातली. वरणात पण चमचाभर सोडलं नि ढवळून टाकलं, तवंग दिसू नये म्हणून.

झाकण लावलं, डबा यांच्या पिशवीत ठेवला.


सोमवार, ३ फेब्रुवारी

हे ८३.३. मी ७९.०.

यांचे दोनशे वाढले. "असं कसं?" म्हणाले, पुन्हा चढले. मी तक्ता लावायच्या निमित्तानं भिंतीकडे तोंड केलं. हसू येत होतं.

दिवसभर खूश होती. पोरांना दोन गाणी जास्त म्हणून दाखवली. उकेबाईंशी पण गोड बोलली.

कशी बाई आहे मी?


गुरुवार, ६ फेब्रुवारी

थांबवणार होती. थांबवलं नाही. यांनी आज म्हटलं, "भाजी भल्लीच चवदार झाली गा आज." दोन पळ्या तेल होतं त्यात. माझ्यासाठी वेगळी, उकडलेली.

माझ्या ताटात उकडलेलं बघून म्हणतात, "तू त माह्यापेक्षा कडक निंगाली."


सोमवार, १० फेब्रुवारी

हे ८३.७. मी ७८.८.

हे काट्यावरून उतरून बुटांच्या लेस बांधत बसले. मग म्हणाले, "माया, मी कोठी कमी पडून राहिलो? सांग ना. फिरतो, भात सोडला. कॅन्टीन बी सोडली आता. आता काय सोडू?"

हेच तर मी महिनाभर मनात म्हणत होती. शब्दनशब्द.

तोंडापर्यंत आलं होतं. पण तेवढ्यात एक घाणेरडा विचार मध्ये आला, की यांना दोनच आठवडे झाले अन् कसे कोमेजले. मला पाच झाले. मला कोणी विचारलं नाही, माया तू कोठी कमी पडून राहिली.

दार उघडलं, पोरं आत आली, बोलणं राहिलं.


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

हे आता पुलाच्या पलीकडे टेकडीपर्यंत जातात. परत येतात तेव्हा शर्ट पिळून काढण्यासारखा. रात्रीची भाकरही अर्धीच. डोळ्यांखाली काळं आलं.

डब्यातल्या पोळ्यांना तूप आहेच. एका बाजूनं माझा हात चालते, दुसऱ्या बाजूनं हे पळून राहिले. मध्ये काटा.


मंगळवार, १८ फेब्रुवारी

दवाखान्यात गेलो होतो, दोघंही. बीपी १५०/९६, वजन तेच ८३.७. डॉक्टरांनी यांची वजनाची वही पाहिली. "पहिल्या महिन्यात छान उतरलं, मग थांबलं कसं? वर चढलं थोडं. जेवणात काय बदललं?"

हे म्हणाले, "काहीच नाही साहेब. घरचंच खातो. हिच्या हातचं. ही माह्यापेक्षा कडक आहे, तेलाचा थेंब मोजून टाकते."

डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. "अशी बायको पाहिजे."

मी खुर्चीत बसली होती. त्यावेळी काय वाटलं ते मला लिहिता

(उठली होती. पाणी पिऊन आली.)

डॉक्टरांनी गोळी वाढवली. माझ्या तुपामुळं एक गोळी वाढली यांची. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "तू काहून रडून राहिली? मी काय मरून राहिलो का?"

घरी येऊन बरणी फळीच्या मागं ढकलली. आजपासून नाही.


गुरुवार, २० फेब्रुवारी

दुपारी आहार वाटप झाल्यावर रेखाच्या घरी गेली. न सांगता. तिचा नवरा ट्रकवर, ती एकटी, चुलीपाशी. अन्वी मांडीवर. वाटीभर वरण-भात होता, पोरीनं माझ्यासमोर सगळा संपवला. मग अर्धं अंडं. मग आईच्या ताटातला चिमूटभर झुणका मागून घेतला.

"पाहा जी बाई," रेखा म्हणाली. तिला वाटलं मी खोटं पकडायला आली.

मी म्हटलं, "मी चुकली रेखा. पोरगी खाते. मग अंगाला लागत नाही तर डॉक्टरलाच दाखवू. मी येते संग, सोमवारी दुपारनंतर."

तिनं अन्वीचं तोंड पदरानं पुसलं, मान हलवली. खाऊची गोष्ट दोघींनीही काढली नाही.


सोमवार, २४ फेब्रुवारी

हे ८२.४. मी ७८.५.

तूप बंद केल्याबरोबर यांचे एक किलो तीनशे. एका आठवड्यात! शिट्टी पुन्हा सुरू.

बरं वाटलं. शपथेवर सांगते, आधी बरंच वाटलं. मग मागून जळलंच. माझं सात आठवड्यांत अकराशे, यांचं आठ दिवसांत तेराशे. लाजही वाटते नि जळतेही. दोन्ही एकाच वेळी होऊ शकते हे मला माहीत नव्हतं.

दुपारी अन्वीला दाखवलं. जंताची गोळी दिली, रक्त तपासायला घेतलं. पुढच्या आठवड्यात कळेल म्हणाले.


बुधवार, २६ फेब्रुवारी

आज सुट्टी होती. हे फळी पुसत होते. मी सांगितलं नव्हतं, आपल्या मनानंच काढलं. बरणी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले.

"तूप सरलं वो? श्वेता त आली नाही दिवाळीपासून. पाहुणे बी नाही."

साधंच विचारलं. शंका नव्हती. सांडलं म्हटलं असतं तर संपलं असतं. उकेबाईला दिलं म्हटलं असतं तरी संपलं असतं.

"तुमच्या डब्यात घालत होती," मी म्हटलं. "पोळ्यांत. वरणात. भाजीत तेल पण."

"कायले?"

"तुमचं उतरत होतं. माझं नाही."

हे खाली बसले. पाटावर नाही, फरशीवरच. बरणी मांडीवर. मी पण बसली, थोडी दूर. कणीक मळलेली तशीच, वाळून राहिली.

"किती दिवस?"

"अठरा."

बरणीचं झाकण फिरवत बोलले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मले वाटलं माह्या अंगात काही बिघाड आहे. उकेले बी म्हटलं मी, खाली पंपापाशी. म्हटलं एवढं करून बी वाढून राहिलं त आतून काही भयंकर असंल, श्वेताचं शिक्षण व्हायचं आहे अजून. तो म्हणे, घरी सांग. मी म्हटलं नाही, माया घाबरंल."

मग उठले, बरणी धुतली, पालथी घातली, बाहेर गेले.

हे मला घाबरवायला नको म्हणून गप्प होते. आणि मी.


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सकाळी पाचला एकटेच निघून जातात. मी साडेपाचला. पुलाच्या अलीकडे समोरून येताना भेटतात. रस्ता अरुंद आहे, बाजूनं निघून जातात.

डबा स्वतः भरतात. पोळ्या वाकड्या-तिकड्या, जाड. मी मळून देऊ का म्हटलं. "राहू दे."


सोमवार, ३ मार्च

मी ७७.४.

एकटीच गेली अंगणवाडीत. हे दवाखान्याच्या काट्यावर करतो म्हणाले.

७७.४. एका आठवड्यात एक किलो शंभर. आठ आठवडे ज्याची वाट पाहिली ते आज आलं. तीनदा चढली-उतरली. साडी झाडली. ७७.४. काट्यावर उभी राहून इकडं-तिकडं पाहिलं. भिंतीवर फळांची चित्रं, पोरांच्या चटया गुंडाळलेल्या. कोणाला सांगू?

श्वेताला फोन लावला. "वा आई! बाबांना सांगितलंस?"

हो म्हटलं.


बुधवार, ५ मार्च

अन्वीचा रिपोर्ट आला. रक्त कमी, बाकी तपासायला तुमसरला न्यायला सांगितलं. रेखा घाबरली आहे. तिच्याबरोबर शनिवारी जाते.

जाताना दारात थांबली. मला वरून खाली पाहिलं. "बाई, तुमी बारीक दिसून राहिल्या. खरंच. तोंड लहान झालं तुमचं."

दोन महिन्यांत असं म्हणणारं पहिलं माणूस. आणि तीच.

संध्याकाळी आरशात पाहिलं. तोंड लहान झालं आहे हे खरं. वजनानं का आणखी कशानं, ते काही कळत नाही.


शनिवार, ८ मार्च

तुमसरला जाऊन आलो, रेखा, अन्वी नि मी. डॉक्टर तपासून राहिले, आणखी दोन टेस्ट. परत येताना बसमध्ये अन्वी माझ्या मांडीवर झोपली. हलकी. एवढी हलकी पोरगी, नि मी तिच्या आईला काय काय बोलली.

घरी आली तर हे अंगणात पँट घेऊन बसलेले, सुईदोरा हातात. ती तिसरी पँट. हातानं टीप मारत होते, टाके वाकडे. मी जवळ उभी राहिली.

"दोरा होता तेव्हा," मी म्हटलं. "सरला नव्हता."

"मालूम आहे," म्हणाले. वर न पाहता.

यांना तेव्हाही माहीत होतं. पँटचं. मग तुपाचं काहून कळलं नाही? तेवढं मनात आणू शकले नसतील.


सोमवार, १० मार्च

मी ७७.१. यांचं मला माहीत नाही. विचारायचा हक्क राहिला का, तेही माहीत नाही. उकेबाई म्हणाल्या, भाऊंनी नवऱ्याला सांगितलं ८१ च्या खाली आलं. शेजारणीकडून कळलं मला, माझ्या नवऱ्याचं वजन.

ऐकल्याबरोबर मनात आधी काय आलं? ८८ मधून ८१ गेले तर सात, माझे अडीच. हिशोब आपोआप झाला. मी केला नाही, झाला. हे अजून गेलं नाही माझ्यातून. हे उतरवायला कोणता काटा पाहावा?

संध्याकाळी यांनी दोघांची भाजी टाकली. मला विचारलं नाही, माझ्या वाटणीची पण टाकली एवढंच. मी ओट्याशी कोथिंबीर निवडत होती. यांनी तेलाची बाटली काढली, चमचा काढला, चमचा माझ्या डोळ्यांसमोर धरून काठोकाठ भरला नि कढईत सोडला. एकच. बाटलीला झाकण लावून परत ठेवली. माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. पाहिलं का, असं.

मी मान हलवली.

जेवलो. भाजी खारट होती थोडी. मी सांगितलं नाही, मग वाटलं हे पण लपवणंच झालं. म्हणून म्हटलं, "मीठ जास्त झालं. बीपीला बरं नाही."

"हाव," म्हणाले. मग, "उद्या तू टाक मीठ."

तेल नाही. मीठ.

परवा मेडिकल आहे. बुधवारची सुट्टी मी पर्यवेक्षिकाबाईंना विचारून टाकून ठेवली. यांना सांगितलं नाही अजून. त्या दिवशी सकाळी यांच्यासोबत गेटपर्यंत निघेन. पुढं येऊ देतात का, माहीत नाही.